मुलांना घरातली जुनी भांडी नको असतात तेव्हा

"मुलांना आमच्या वस्तू नकोत, म्हणजे उद्या आम्हीही नकोच की!" वाडा पाडून इमारत होणार, दोन खोल्यांत संसार मावायला हवा आणि माळ्यावर तीन पिढ्यांचं तांबं-पितळ पडलेलं. अशा वेळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं थोड्याफार फरकाने हेच बोलतात. त्यात बायका जास्त. पुरुषांचं दुखणं बहुधा जमिनीच्या वाट्यापाशी सुरू होतं.

नारायण पेठेतल्या सत्तरीच्या एका काकूंचं सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकूंची झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं, मुलीचा फोन आला तरी त्या उचलत नव्हत्या. झोप आणि भूक बरेच दिवस गेलेली असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. तिथे काही निघालं नाही. मुलगी बंगळूरहून म्हणाली होती, "आई, सरळ मोडीत घाल ना." मुलगा कॅनडात. त्याने व्हिडिओ कॉलवर तांब्याचं घंगाळ पाहिलं, "नाइस" म्हणाला आणि तिकडच्या थंडीवर बोलायला लागला.

मी विचारलं, "घ्या म्हणताना तुम्ही मुलांना काय काय सांगितलंत?" काकूंनी घडाघडा म्हणून दाखवलं. जपून ठेव. विकू नकोस. दिवाळीला चिंच लावून घास. पातेल्यांना कल्हई करून घे. कुणाला उसनं देऊ नकोस. या सगळ्यात भांड्यांविषयी एक अक्षर नव्हतं, नुसती कामं होती. कल्हईवाला आता पेठेत मिळायची मारामार, तो बंगळूरच्या सोळाव्या मजल्यावर कुठून यायचा? त्या मुलीच्या जागी मीही नकोच म्हटलं असतं, आणि तसं काकूंना सांगितलंही. त्यांना ते आवडलं नाही.

पुढच्या वेळी येताना पिशवीत मावेल अशी एकच वस्तू आणा, असं सुचवलं. त्यांनी झाकणाचा पितळी डबा आणला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, तसं याच्याही कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. घासून घासून अर्धी अक्षरं बुजलेली, पण आडनाव लागत होतं. ते काकूंचं नव्हतं. माहेरचंही नव्हतं.

"हा आमचा नाहीच," काकू म्हणाल्या. "हा पुरात आला."

12 जुलै 1961. पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर काकूंच्या सासूबाई गाळ उपसत होत्या, तेव्हा चुलीपाशी हा डबा निघाला. स्वतःची निम्मी भांडी वाहून गेलेली. तरी त्यांनी डबा घासला आणि धाकट्या मुलाच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या हाती देऊन आसपासच्या वाड्यांत फिरवला. त्या आडनावाचं कुणी भेटलं नाही. मग तो फळीवर रिकामाच राहिला. नव्या सुनेने एकदा त्यात रवा भरला, तर सासूबाईंनी लगेच काढायला लावला. परक्याचा डबा, उद्या माणूस दारात आला तर? हे सांगताना काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मुलीला ठाऊक आहे हे?"

"असणारच. याच घरात वाढली ना ती."

विचारून बघा म्हटलं. मुलीला ठाऊक नव्हतं. लहानपणी तिने ते आडनाव वाचलं होतं. आपल्याकडे कुणाची तरी वापरलेली भांडी विकत आणतात, अशी स्वतःची समजूत करून घेतली होती. मैत्रिणी आल्या की ती डबा भिंतीकडे वळवून ठेवायची.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 20 प्रश्न तयार केले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडलांची गाठ कशी पडली, असले. ज्या मुलांना उत्तरं जास्त येत होती, ती स्वतःविषयी अधिक आश्वस्त दिसली. पण उत्तरं पाठ करून घेतली की काम झालं, असं नाही, हे तेच संशोधक बजावतात. ज्या घरात जेवताना, प्रवासात अशा गोष्टी निघतात, तिथे आपसूक इतरही बरंच काही चाललेलं असतं. म्हणून मी पालकांना सांगते, वस्तू पुढे करण्याआधी तिची गोष्ट सांगा, आणि 'नको' म्हणायची मोकळीक खरोखर द्या. "नको असेल तर राहू दे" हे रडवेल्या आवाजात म्हटलेलं मोजायचं नाही.

दिवाळीला मुलगी आली. माळ्यावरचं एकेक भांडं खाली काढत तिने नावं वाचली, फोटो काढले, आईचा आवाज फोनवर घेतला. नेला फक्त तो डबा. त्यात ती चार्जर ठेवते, हे काकूंना पसंत नाही. मुलाने काहीच मागितलं नाही. त्याची खंत काकूंना आहे, आणि ती मी काढून टाकू शकलेले नाही.

घंगाळ भाचीकडे गेलं. बाकीचं मोडीत. कड्यांचं लोखंड वजनातून किती वजा करायचं यावर काकूंनी मोडवाल्याशी तासभर हुज्जत घातली, आणि शेवटी स्वतःचाच आकडा खरा केला.