भाडं थकलं तर सरकार भरतं का? इंग्लंडला निघालेल्या नाशिककराला उत्तर

तुम्ही विचारलंत की सिडकोतला फ्लॅट भाड्याने देऊन बायको-मुलीसह स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडला येताय, आणि इकडे नोकरी गेली तर भाडं नि लाइटबिल सरकार भरतं हे खरं का. म्हणजे गाठीला किती पैसे ठेवायचे ते ठरवता येईल.

सरकार भरतं, पण तुमचं नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) घरभाड्याचा भाग असतो आणि गरजूंना कौन्सिल टॅक्समध्येही (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) सूट मिळते. मात्र तुमच्या व्हिसाच्या अटींत ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, अशी ओळ असेल. या दोन्ही गोष्टी पब्लिक फंडांच्या यादीत येतात, मुलीचा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) सुद्धा. चुकून अर्ज मंजूर होऊन पैसे खात्यात आले तरी व्हिसाची अट मोडलीच.

हे मला लेस्टरमध्ये ऐन थंडीत कळलं. अंबडची नोकरी सोडून २०१९ मध्ये आलो होतो. चार वर्षांनी कंपनीने काम बंद केलं. लेक तान्ही, त्यामुळे घर गरम ठेवणारा बॉयलर बंद ठेवायची सोय नाही. ओळखीतल्या एकाने सांगितलं, "क्लेम टाक, सगळेच घेतात." निम्मा फॉर्म भरलाही होता. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न व्हिसाचा विचारला म्हणून वाचलो. त्यांनी वेगळी वाट दाखवली: न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे बेकारी भत्ता. तो आपण पगारातून भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतो, म्हणून पब्लिक फंडात मोडत नाही. पण आधीच्या दोन करवर्षांची भरणा बघतात, त्यामुळे नव्याने आलेल्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय नोकरी सुटल्याचं कंपनीने कळवलं की व्हिसा साधारण ६० दिवसांवर आणतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी, शोधायचा. भाड्याची काळजी त्यानंतरची.

देणी थकलीच तर ‘ब्रीदिंग स्पेस’ ही सवलत लक्षात ठेवा. कर्जसल्लागारामार्फत अर्ज केला की ६० दिवस थकलेलं भाडं, गॅस-वीज, कौन्सिल टॅक्स यांच्या वसुलीचा तगादा थांबतो, त्यावर व्याज-दंड चढत नाही. वर्षातून एकदाच मिळते, आणि चालू महिन्याचं भाडं-बिल भरत राहावं लागतं. व्हिसाची ती ओळ हिला आड येत नाही.

आपल्याकडे बिल थकलं की महावितरणचा माणूस येऊन लाइन कापून जातो. इथे कंपनी सहसा प्रीपेड मीटर लावते, आणि प्रत्येक रिचार्जमधून थकबाकीचा हप्ता कापते. घरगुती नळ तर बिलासाठी तोडताच येत नाही, १९९९ पासून कायदाच आहे. म्हणून पैसे कमी पडले तर पाणीपट्टी मागे ठेवा आणि कौन्सिल टॅक्स आधी भरा. त्याचा हप्ता चुकला आणि स्मरणपत्रानंतरही भरला नाही तर उरलेल्या वर्षाची रक्कम एकदम मागतात, मग मॅजिस्ट्रेट कोर्ट नि बेलिफ (वसुलीला घरी येणारा माणूस). घरात एकटाच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते, ती पब्लिक फंड नाही. कुटुंब मागाहून येणार असेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

घरमालकांचा नियम नेमका आपल्या महाराष्ट्र दिनी, १ मे २०२६ पासून बदलतोय. क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून आमच्याकडून एजंटने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं होतं. आता एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येणार नाही. जामीन मात्र मागतील. डिपॉझिटवर पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आधीपासूनच आहे (वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). भाडं थकलं म्हणून हमखास घराबाहेर काढायला पूर्वी दोन महिन्यांची थकबाकी पुरायची, आता तीन लागेल.

आता तुमचा हिशेब. व्हिसासाठी खात्यात २८ दिवस दाखवायचे १,२७० पौंड, वर बायको-मुलीचे वेगळे, हा नुसता कागदाचा आकडा आहे. तीन महिन्यांचं भाडं, गॅस-वीज, कौन्सिल टॅक्स आणि तिघांची परतीची तिकिटं एवढं बाजूला हवं. आम्हाला बायकोच्या नावची एफडी मोडावी लागली. सिडकोच्या फ्लॅटचं भाडं त्यात पूर्ण धरू नका. तुम्ही एनआरआय झालात की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि जास्त कापलेलं परत मिळतं ते रिटर्न भरल्यावर. हे त्याला करार करण्याआधीच सांगा. आमचा भाडेकरू हे ऐकून महिन्याभरात निघून गेला होता.