लिंबाने गेलेली चमक

प्रश्न : काका, सासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी इस्तंबूलहून शिंपल्याची नक्षी असलेली लाकडी पेटी आणली होती. मी तिच्यात हळदीकुंकवाच्या कोयऱ्या ठेवते. यंदा श्रावणात झाकणावरचे तीन तुकडे उचलले गेले, त्यातला एक तर हातातच आला. गौरी येणार म्हणून पितळेच्या भांड्यांबरोबर पेटीलाही लिंबू-मीठ चोळलं, तर नक्षी खडूसारखी पांढुरकी झाली. आता काय करू? भाऊ म्हणतो, सोड, प्लॅस्टिकच आहे ते.
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : ताई, भावाला सांगा, शिंपला खरा आहे. परीक्षा तुम्हीच घेतलीत. लिंबाने प्लॅस्टिकला काही होत नाही. शिंपला मात्र चुन्याच्या जातीचा, आंबट लागलं की विरघळतो. झाकणावरचं वार्निशही उडालेलं असणार, नाहीतर लिंबू आत पोचलंच नसतं.

शिंपल्याची झाक म्हणजे रंग नव्हे. त्यात एकावर एक पापुद्रे असतात, एकेक मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. त्यांच्यावरून परतणाऱ्या उजेडातून ते गुलाबी-हिरवं दिसतं. लिंबाने वरचे पापुद्रे खरबरीत झालेत, खालचे शाबूत आहेत. तेव्हा चमक बरीचशी परत येते.

आधी जेमतेम ओलसर फडक्याने मीठ-लिंबू पुसून लगेच कोरडं करा. मीठ राहिलं तर ओल धरून ठेवतं. निघालेला तुकडा बशीतल्या पाण्यात धरून 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर हळू फिरवा. बसलेले तुकडे कोरडेच घासायचे, बोटाएवढ्या पट्टीने, आणि नाकातोंडावर मास्क लावून. ही भुकटी छातीला वाईट. शेवटी मऊ सुती कापडावर खडूची बारीक भुकटी घेऊन चोळा. जोर लावू नका. शिंपला पातळ असतो, घासता घासता लाकूड लागेल.

तुकडे का उचलले गेले, तो दोष शिंपल्याचा नाही, लाकडाचा. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेही आडव्या रेषेत. शिंपला जागचा हलत नाही. तुमचे तीन तुकडे बघा, बहुधा लाकडाच्या रेषेला आडवे असतील.

हे मी चुकून शिकलोय. जुन्या नाशकातल्या एका वाड्यातली आरशाची चौकट माझ्याकडे आली होती, कडेने शिंपल्याची वेल. मी ऐन जुलैत तुकडे बसवले आणि मोठ्या रुबाबात चौकट परत दिली. एप्रिलात मालक ती काखेत मारून हजर. पावसात फुगलेल्या लाकडाच्या खाचेत मी तुकडा गच्च बसवला होता. ऊन पडलं, खाच आवळली आणि तुकडा ढेकर दिल्यासारखा वर आला. मजुरी परत केली, वर चहाही पाजला.

म्हणून आत्ता चिकटवू नका, दिवाळीनंतर बघू. त्याआधी खाचेतल्या जुन्या चिकटीवर गरम पाण्याचा थेंब टाका. बोटाला तार सुटली तर तो सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा जुना गोंद, दुधाळ होऊन मऊ पडली तर पांढरा गम. जुनं खरवडून काढा आणि जे होतं तेच थोडं लावा. वर मेणकागद, त्यावर वाळूची छोटी पुरचुंडी, एक दिवस हलवायचं नाही. क्षणात चिकटणारा गम नको. त्याची पांढरी वाफ शिंपल्यावर बसते आणि पुढच्या दुरुस्तीला तुकडा सुटत नाही. फट उरली तर त्याच लाकडाचा भुसा गमात कालवून भरा.

पेटीवर शिंपल्याभोवती बारीक तार दिसते का? तुर्कीतल्या आंतेप (गाझीआंतेप) शहराकडच्या कामात अक्रोडाच्या लाकडात नक्षी कोरतात, खाचेत तार ठोकून बसवतात आणि मधल्या जागेत शिंपला. तुर्कीत शिंपल्याला सेदेफ म्हणतात, कारागिराला सेदेफकार. इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद (1609 ते 1616) ज्या मेहमेद आगाने बांधली, तो आधी सेदेफकारच होता. मला याचं भारी अप्रूप. आमच्याकडे सुताराला घर बांधायला सांगितलं तर लोक इंजिनीअर शोधतात! 2023 साली तुर्की आणि अझरबैजानच्या या कारागिरीला युनेस्कोच्या वारसा-यादीत जागा मिळाली. आपल्याकडेही हे काम परकं नाही. फतेहपूर सीक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरची छत्री बघा, शिंपल्याने मढवलेली आहे. गुजरातेतली शिंपल्याची कामं तर पूर्वी इस्तंबूलच्या राजवाड्यातही पोचली होती.

एक बघून ठेवा. पेटीवर मधासारखे, तपकिरी डागांचे तुकडे असतील, तर ते कासवाच्या पाठीचे असू शकतात. नव्या पेट्यांत बहुधा नकलीच असतात, पण खरे निघाले तर त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. पेटी विकायची झाल्यास आधी दाखवून घ्या.

निघालेला तुकडा रिकाम्या काडेपेटीत कापसावर ठेवा, आणि उलट्या बाजूला पेन्सिलीने बाण काढा, कोणती बाजू बिजागरीकडे ते कळायला. कोयऱ्या यंदा गौरींपुढे ताटातच मांडा.