वाचकांचे प्रश्न : कोलकात्याच्या चिनी वस्त्यांत दोन दिवस

प्रश्न : येत्या जानेवारीत मी, माझी पत्नी आणि आई असे तिघे कोलकात्यास जाणार आहोत. एक शनिवार-रविवार तेथील चिनी वस्ती पाहण्यासाठी राखून ठेवला आहे. अशा दोन वस्त्या आहेत असे समजले. दोन्ही पाहाव्यात की एक पुरे? आई पूर्ण शाकाहारी असल्याने तिची गैरसोय होईल का? येताना आणण्याजोगे काय मिळते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही वस्त्या अवश्य पाहाव्यात. शनिवारची संध्याकाळ टँग्राला द्यावी आणि रविवारची पहाट टिरेटा बाजाराला, कारण टिरेटा बाजारातील न्याहारी रविवारीच खऱ्या अर्थाने भरते आणि ती उजाडताच सुरू होऊन साडेआठच्या सुमारास आवरली जाते. हॉटेलातला नाश्ता उरकून नऊला निघालेल्या माणसाला तेथे रिकामा रस्ता आणि नेहमीचा भाजीबाजार एवढेच दिसते.

टँग्रा ही शहराच्या पूर्वेकडील, हक्का या चिनी समाजाच्या चर्मोद्योगावर उभी राहिलेली वस्ती. प्रदूषणामुळे हे कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला आणि तेव्हापासून वस्तीचा मुख्य आधार उपाहारगृहे हाच राहिला. उंच भिंतींच्या, मोठ्या फाटकांच्या ज्या आवारांत एकेकाळी कातडी वाळत असत, त्यांपैकी काहींत आज जेवणाची टेबले मांडलेली आहेत. येथील जेवण चीनमधल्यासारखे असेल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. हक्का स्वयंपाकाने भारतीय जिभेसाठी हिरवी मिरची, आले-लसूण आणि कॉर्नफ्लोअरचा दाट रस्सा आपलासा केला, त्यातून ही स्वतंत्र पाकशैली घडली आणि माझ्या मते तिला नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे गाड्यागाड्यांवर मिळणाऱ्या मंचुरियनचे मूळही याच समाजापाशी पोहोचते, कारण चिकन मंचुरियनचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मुंबईचे नेल्सन वँग मूळचे कोलकात्याचे होते.

आपल्या मातोश्रींची सोय टँग्रात होईल. भाज्यांचे हक्का नूडल्स, मिरची-मश्रूम, पनीर हे सर्व तेथे मिळते, मात्र मागणी नोंदवतानाच ऑयस्टर सॉस, फिश सॉस आणि कोंबडीचा स्टॉक नको, असे तिन्हींची नावे घेऊन सांगावे आणि कढई वेगळी वापरता येईल का, हेही विचारावे. नुसते ‘व्हेज’ म्हटल्याने काम भागत नाही. जेवणापूर्वी तेथील चिनी कालीमंदिर पाहावे. बंगाली देवीची पूजा चिनी कुटुंबे करतात आणि प्रसादात नूडल्स व चॉप सुई असते, हे आईंना विशेष आवडेल असे वाटते.

टिरेटा बाजारात मात्र त्यांची अडचण होईल, हे स्पष्ट सांगितलेले बरे. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून जवळच, पोद्दार कोर्टाच्या मागे भरणाऱ्या या न्याहारीत डुकराचे मांस, कोंबडी आणि मासे यांचेच राज्य असते. ॲल्युमिनियमच्या थरथरत्या झाकणाखालून वाफ निघत असते. झाकण उचलले की आत पांढरे, फुगलेले बाओ (सारण भरून वाफवलेले पाव) एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, आणि शेजारच्या पातेल्यात निवळ रश्श्यावर माशाचे गोळे तरंगत असतात. वर कांद्याची पात टाकून वाडगा हातात दिला जातो. तो उभ्यानेच संपवावा लागतो. आता चिनी विक्रेते थोडेच उरले असून इतर समाजांचे लोकही मोमो, पुऱ्या विकताना दिसतात. 1962 च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले आणि पुढे पुष्कळ जण कॅनडासारख्या देशांत निघून गेले. आजची विरळ गर्दी पाहताना हे ठाऊक असावे. विक्रेत्यांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय, आणि काही विकत घेतल्याशिवाय, काढू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

न्याहारीनंतर छातावाला गल्लीतील सी इप हे मंदिर शोधावे. येथील चिनी मंदिरांवर ‘चर्च’ असे लिहिलेले असते, त्यामुळे पाटी पाहून पुढे निघून जाऊ नये. आईंना येथे निवांत बसता येईल.

खरेदीसाठी मी सॉसचेच नाव घेईन. 1958 पासून चालत आलेल्या पौ चाँग कंपनीचा हिरव्या मिरचीचा सॉस कोलकात्याच्या घराघरांत आहे. त्याच्या दोन-तीन बाटल्या घ्याव्यात आणि काच असल्याने कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवाव्यात. डुकराच्या मांसाचे गोडसर सॉसेज हवे असल्यास जानेवारी हा योग्य काळ आहे, पण ते प्रवासात आईंच्या सामानापासून वेगळे राहील याची काळजी घ्यावी. बेंटिंक स्ट्रीटवर चिनी चर्मकारांची जोड्यांची दुकाने पूर्वी रांगेने होती, त्यांतली काही अजून टिकून आहेत. मात्र रविवारी ती बंद असण्याची शक्यता धरून तेथे शनिवारी दुपारीच, टँग्राला जाण्यापूर्वी, चक्कर मारावी.

अठराव्या शतकात आलेल्या पहिल्या चिनी वसाहतकाराची आठवण जपणारे, बजबजजवळील अछिपूर या दोन दिवसांत बसवू नये. त्यासाठी सोमवारचा मुक्काम वाढवता आला तरच जावे.