कार-टी पेशी शरीरात कुठे पोचल्या हे पेट स्कॅनमध्ये दिसतं का?

तुमच्या मामांना लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) कार-टी दिली, म्हणजे कॅन्सर ओळखावा म्हणून जनुक बदललेल्या टी-पेशी (रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी) शरीरात सोडल्या; महिन्याभरानंतरच्या स्कॅनमध्ये मानेतली गाठ अजून उजळ आहे, आणि ‘त्या नव्या पेशी तिथं पोचल्यात म्हणून ती चमकतेय का’ असं तुम्ही विचारलंय. मी पेट-सीटी (किरणोत्सारी औषध शरीरात कुठे साठलं ते टिपणारा स्कॅन) विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. रिपोर्टचा अर्थ मामांच्या डॉक्टरांनाच विचारा. पेशी दिसतात का, एवढंच मी सांगतो.

नेहमीच्या स्कॅनमध्ये त्या वेगळ्या दिसत नाहीत. आम्ही शिरेतून देतो ती किरणोत्सारी साखर, एफडीजी. जी पेशी साखर जास्त ओढते ती उजळते. कॅन्सरची पेशी भुकेली, आणि तिच्याशी झुंजायला आलेली टी-पेशीही भुकेली. पडद्यावर दोघींचा डाग सारखाच. त्यामुळे पहिल्या महिन्यात उजळ दिसलेली गाठ कधी पुढच्या स्कॅनला विझलेली असते, कधी वाढलेली. त्या एका चित्रावरून मी तरी पैज लावणार नाही.

पेशी ओळखू यायला हवी असेल तर तिला आधीच खूण करून सोडावी लागते. सोपा मार्ग म्हणजे देण्यापूर्वी बाहेरच तिला किरणोत्सारी लेबल लावायचं. इंडियम-१११ लावलेल्या पांढऱ्या पेशी परत देऊन लपलेला संसर्ग शोधणं हा आमच्या शाखेतला जुनाच प्रकार. आता झिर्कोनियम-८९ वापरून बघतात, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण ७८ तास. म्हणजे पेशी आधी फुप्फुसात अडकतात, मग यकृत आणि प्लीहेकडे सरकतात, हा पहिल्या काही दिवसांचा प्रवास दिसतो. पण कार-टीचं सगळं बळ तिच्या वाढण्यात आहे, आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या की तेवढंच लेबल सगळ्यांत वाटलं जाऊन फिकं होतं. शिवाय पेशी मेली तरी लेबल मरत नाही. ते दुसऱ्याच पेशी गिळतात आणि स्कॅनवर ठिपका तसाच राहतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. पेशीतच एक जादा जनुक घालायचं, म्हणजे तिच्या लेकीबाळींनाही ते वारशानं मिळतं. उंदरांत यासाठी काजव्याचं जनुक घालतात आणि उंदीर कॅमेऱ्याखाली खरोखर उजळतो. माणसाच्या जाडीतून तो उजेड बाहेर येत नाही. म्हणून माणसासाठी हर्पिस विषाणूचं एक जनुक निवडलं. ते ज्या पेशीत असेल तिथं एफएचबीजी नावाचं फ्लोरिन-१८ जोडलेलं औषध अडकून बसतं. २००९ साली ग्लिओमा या मेंदूच्या कॅन्सरच्या एका रुग्णात अशा टी-पेशी पेटवर दिसल्याचं प्रसिद्ध झालं. त्या कामात स्टॅनफर्डचे संजीव गंभीर होते, मूळचे अंबाल्याचे. २०१७ मध्ये त्याच पद्धतीनं ७ रुग्णांचं काम छापून आलं. (फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं. डोसचा शिशाचा डबा घेऊन येणारी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की आमचा जीव टांगणीला लागतो.)

अडचण अशी की विषाणूचं प्रथिन शरीराला परकं, त्यामुळे शरीर त्या पेशींवरच उठू शकतं. म्हणून माणसाचीच जनुकं वापरून पाहताहेत: थायरॉइड ज्यानं आयोडीन ओढते ते, किंवा प्रोस्टेटच्या स्कॅनमध्ये आम्ही रोज बघतो त्या पीएसएमए या प्रथिनाचं. तरीही इकडेतिकडे विखुरलेल्या थोड्याशा पेशी पेटला दिसत नाहीत. एका जागी पुरेशी गर्दी व्हावी लागते.

प्रत्यक्ष उपचारात मात्र यातलं काही नसतं. जादा जनुक घातलं की औषधच बदललं, चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारानंतरही पेशी कुठे आहेत याचा स्कॅन हा नेहमीच्या तपासणीचा भाग नाही.

पेशी टिकल्यात का, हे रक्तातून कळतं. सीडी१९ या पेशीवरच्या खुणेवर नेम धरणारी कार-टी निरोगी बी-पेशींनाही (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) सोडत नाही, कारण तीच खूण त्यांच्यावरही असते. म्हणून फ्लो सायटोमेट्रीत (रक्तातल्या पेशी प्रकारानुसार मोजणारी तपासणी) बी-पेशी शून्य आल्या तर कार-टी अजून कामावर आहे असं बहुधा धरतात. पण मामांना अलीकडे रिटक्सिमॅब हे बी-पेशी मारणारं औषध दिलं असेल तर त्यानंही बी-पेशी काही महिने शून्यच राहतात. डॉक्टरांना भेटाल तेव्हा रिटक्सिमॅबच्या शेवटच्या डोसची तारीख सोबत न्या.