बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी भूल देतात, तेव्हा नेमकं काय करतात?

तुमची मुलगी 14 महिन्यांची, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र (व्हीएसडी), ऑपरेशन ठरलंय. तुम्ही विचारलंय, भूल कशी देतात, ती जागी होईल ना आणि पुढे बुद्धीवर परिणाम होईल का. मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे, अशी बाळं रोजच्या कामातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भूल म्हणजे एक सुई टोचून चहाला जाणं, असा पुष्कळांचा समज आहे. मुलगी झोपल्यापासून आयसीयूत पोचेपर्यंत आम्ही तिच्या उशाशीच असतो. बहुतेकदा आधी मास्कमधून सेवोफ्लुरेन हे भुलेचं औषध हुंगवतो आणि सुई ती झोपल्यावर टोचतो. मग श्वासनळीत नळी, मानेतल्या शिरेत एक, आणि मनगटाच्या धमनीत एक बारीक, ठोक्यागणिक बीपी दिसावं म्हणून.

खरी गोम पुढे आहे. छिद्रातून डावीकडचं रक्त उजवीकडे जातं आणि फुप्फुसात गरजेपेक्षा जास्त शिरतं. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, ऑक्सिजन भरपूर सोडा." पण ऑक्सिजनने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त आणखी तिकडे धावतं आणि बाकीच्या शरीराच्या वाट्याला कमी येतं. म्हणून तो बेतानेच द्यायचा. निळ्या बाळांचं (टेट्रालॉजी, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त कमी जाणारा जन्मजात हृदयदोष) नेमकं उलटं. ती रडली की फुप्फुसाकडची वाट आवळते आणि ती आणखी निळी पडतात. त्यांना न रडवता झोपवलं की निम्मी लढाई जिंकली.

आणि हवेचे बुडबुडे! सलाईनमधला बारीकसा बुडबुडा एरवी फुप्फुसात गाळला जातो. छिद्र असलं की तो पलीकडे निसटून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. त्यामुळे नळ्यांना टिचक्या मारत बसलेला भूलतज्ज्ञ दिसला तर तो टाइमपास करतोय असं समजू नका.

छिद्राला ठिगळ लावेपर्यंत हृदय थांबवलेलं असतं आणि रक्त हार्ट-लंग मशीन फिरवतं. त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, आणि काम झालं की त्याचा उतारा प्रोटामिन.

आता तुमच्या घरचं काम. आपल्याकडे दुधाला कुणी खाण्यात धरतच नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिऊन वर "अजून काही खाल्लं नाही" म्हणणारी माणसं आपण! एका आजींनी पहाटे "एवढंसं तर दूध, पोर किती रडतंय" म्हणून अर्धी वाटी पाजली आणि कुणाला सांगितलं नाही. आईच्या चेहऱ्यावरून मला शंका आली. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, आजी माझ्याशी बोलेनात. पण दूध पोटात फुटून दही होतं, आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात गेलं तर निस्तरणं अवघड. साधारण हिशेब असा: जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं 4 तास, साधं पाणी 2 तास. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. अंबाबाईचा अंगारा खुशाल लावा, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश मात्र नको. बोटाला लावतो ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्याने फसू शकतं. सर्दी-खोकला असेल तर तारीख जाईल म्हणून लपवू नका.

बुद्धीचं विचारलंत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2016 मध्ये इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल वाढत्या मेंदूवर परिणाम करू शकते. तुमच्या मुलीची भूल तीन तासांच्या वर जाऊ शकते, हे मी झाकून ठेवणार नाही. पण मोठं छिद्र तसंच ठेवलं तर फुप्फुसांवरचा दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ऑपरेशनही करता येत नाही. म्हणून हौसेची ऑपरेशनं पुढे ढकलतात, हे नाही ढकलत.

जागी होईल का? शंभर टक्क्यांची हमी मी कुणालाच देत नाही. पण साध्या व्हीएसडीची बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोळे उघडतात. आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा चेहरा सुजलेला असेल, अंगभर नळ्या असतील, तिने त्या ओढू नयेत म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेले असतील. आजींना हे आधीच सांगून ठेवा.