पहिल्यांदा पक्षीगणनेला येतोयस तर

अरे मस्त, ये नक्की. पण आधी भरतीची वेळ बघून ठेव, कारण ठाणे खाडीत सगळा खेळ पाण्याचा आहे, ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात आणि पाणी चढायला लागलं की किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा मोजायला सोपं जातं. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण मात्र हवीच.

थव्यातला एकेक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोजत बसू नकोस. मी पहिल्या वर्षी ऐरोलीला तेच केलं, दोनशेपर्यंत आलो आणि सगळे उडाले, झालं! आधी दहा मोज, तेवढा तुकडा डोळ्यात बसव, मग तसे किती तुकडे होतात ते बघ. अंदाज म्हणून लिहिलंस तरी चालतं, फक्त तसं लिही. छोटा रोहित की मोठा हे चोचीवरून बघ, छोट्याची गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. कळलं नाही तर सरळ 'रोहित' लिही, उगाच ठोकून देऊ नकोस, शास्त्रज्ञांना चुकीच्या नावापेक्षा अर्धवट नोंद परवडते. शेकाट्या (लांब पायांचे काळे-पांढरे पक्षी) दोन-चारच दिसल्या तरी त्याही लिही, लोक गुलाबी रंगाच्या नादात विसरतात. आणि सुरुवातीची-शेवटची वेळ टाक बाबा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

चपला घालून येऊ नकोस, चिखलात जातील.