वाचकांचे प्रश्न : हप्ते, थकबाकी आणि किमान रक्कम

प्रश्न : क्रेडिट कार्डाची किमान रक्कम दर महिन्याला वेळेत भरतो. एकदाही उशीर नाही, तरी थकबाकी जागची हलत नाही. बँकेचा हिशेब चुकतोय का?

उत्तर : हिशेब बहुधा बरोबर आहे, आणि दुखणं तेच आहे. थकबाकी 100 धरा. व्याज महिन्याला 3 टक्के आणि किमान रक्कम व्याजासकट बाकीच्या 5 टक्के. नवी खरेदी अजिबात केली नाही, तरी वर्षभरात तुम्ही 55 भरता आणि बाकी उरते 77. म्हणजे 32 नुसत्या व्याजात गेले. शिवाय बाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरते, म्हणून फेड रेंगाळते. त्याऐवजी दरमहा ठरवून 10 भरा. बारा महिन्यांत खातं जवळजवळ कोरं होईल, वर थोडी चिल्लर राहील.

किमान रक्कम भरल्यामुळे खातं थकीत ठरत नाही, एवढाच तिचा उपयोग. आणखी एक मेख आहे. मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. तोवर ते कार्ड वापरू नका.

प्रश्न : दोन महिने पगार अडकणार आहे. घर, गाडी, वैयक्तिक कर्ज आणि कार्ड असे चार हप्ते आहेत. सगळ्यांना थोडं थोडं द्यावं का?

उत्तर : नको. अर्धा हप्ता भरला तरी उरलेला अर्धा थकीतच धरला जातो. चौघांना अर्धं अर्धं दिलं, तर चारही खाती एकदम बिघडतात. आधी तारण असलेली कर्जं पूर्ण भरा: घर, आणि गाडीवर कमाई अवलंबून असेल तर गाडी. तिथे वस्तूच जप्त होऊ शकते. मग कार्डाची किमान रक्कम, कारण ती लहान असते आणि खातं चालू ठेवते. जे उरेल ते वैयक्तिक कर्जाला.

थकबाकीचे टप्पे साधारणपणे 30, 60 आणि 90 दिवसांचे असतात. 90 दिवसांनंतर कर्ज बुडीत समजण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एखादा हप्ता 25 दिवस लांबला असेल, तर हातातला पैसा आधी तिथे लावा.

ज्याचा हप्ता चुकणार, त्याला तारखेच्या आधी कळवा. हप्ता चुकल्यावर केलेला फोन वसुली विभागाकडे जातो, आणि तिथल्या माणसाला सवलत द्यायचे अधिकार क्वचितच असतात. अर्जात चारच गोष्टी लिहा: उत्पन्न का थांबलं, कधी सुरू होईल, तोवर नेमके किती भरता येतील, आणि हवं काय (हप्ता लांबणीवर की मुदतवाढ). उत्तर लेखी घ्या. ऑटो-डेबिट थांबवायलाही लेखी सांगा, नाहीतर रिकाम्या खात्यावर ते परत जाईल आणि दंड दोन्हीकडून बसेल.

मुदतवाढ फुकट नसते. वार्षिक 12 टक्क्यांनी 100 चं कर्ज 36 महिन्यांत फेडलं, तर हप्ता 3.32 आणि एकूण व्याज साडेएकोणीसच्या आसपास. 60 महिने घेतले, तर हप्ता 2.22 वर येतो, पण व्याज 33 च्या वर जातं. म्हणून पगार सुरू झाल्यावर हप्ता पुन्हा वाढवता येईल का आणि आधी फेडल्यास दंड किती, हे सही करण्यापूर्वीच विचारा.

प्रश्न : वसुलीवाले म्हणतात, निम्मी रक्कम एकदम भरा, बाकी माफ. घ्यावं का?

उत्तर : पूर्ण फेडणं शक्य असेल तर घेऊ नका. क्रेडिट रिपोर्टमध्ये अशी नोंद ‘तडजोड’ म्हणून राहते, ‘पूर्ण फेड’ म्हणून नाही, आणि पुढचा कर्ज देणारा ती वाचतो. पर्यायच नसेल तर रक्कम, अंतिम तारीख आणि उरलेला दावा सोडल्याचा उल्लेख असलेलं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातच भरा, वसुली करणाऱ्या माणसाच्या हातात नाही. नंतर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या आणि एक-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून नोंद बदलली का ते पाहा.